तपासनीस

वरच्या खोलीत नाझिम राहतो.
फार्मसीचं शेवटचं वर्ष. भाडं पाच तारखेला देतो,
कधी वीसला.
काल त्याच्या देशाची एक नोट घेऊन खाली आला,
म्हणाला, काका, एकतीस वर्षं तुम्ही हेच केलंत, बघा.

चष्मा पुसला. नोट खिडकीशी धरली.
कागद बरा. धागा सरळ.
वॉटरमार्कमधला माणूस जरा डावीकडे सरकलेला,
पण चालून गेला असता.
शून्यं मोजली. सहा.
एवढ्यात काय येतं रे?
आजोबांच्या वेळी घर यायचं, म्हणाला.
आता कोथिंबिरीची जुडी. मोठी नाही.

आमच्या प्रेसमध्ये शीट खराब निघाली
की कडेला पेन्सिलीने खूण करायची
आणि रजिस्टरात दोष कुणाचा ते लिहायचं.
छपाईवरचा बोराडे म्हणायचा, कागदच दमट आलाय.
कागद गोदामातले गायधनी म्हणायचे, रूळ घासलाय तुझा, आधी तो बदल.
भोंगा होईपर्यंत भांडायचे.
दोघंही खरं बोलायचे.
रकाना मात्र एकच होता.

नाझिमच्या घरीही तसेच दोघं.
मामा म्हणतो, जगाने आपल्या बँका तोडल्या,
तुझ्या आईचं इन्सुलिन बंदराबाहेर उन्हात उकळतंय.
बहीण म्हणते, मिळतं की मामा,
कर्नलच्या मेहुण्याच्या दुकानात,
पाचपट भावाने, बर्फात ठेवलेलं.
मामाकडे आकडे आहेत,
बहिणीकडे दुकानाचा पत्ता.
तेच औषध बिटको चौकात कुठल्याही दुकानात मिळतं. मी जाऊन विचारलं.
दुकानदार म्हणाला, किती देऊ?

मी म्हणालो, आईला विचार. आजारी ती आहे.
त्याने फोन लावला, मधे टेबलावर ठेवला.
आई निर्बंधांवर बोलली.
मला त्यांची भाषा येत नाही,
पण तो आवाज चार घरं ऐकू जावा असा होता.
मग नाझिमने हळूच काहीतरी विचारलं
आणि पलीकडे नळ सुटला.
भांड्यावर पडत असावा, पत्र्याच्या.
त्या पाण्याखालून ती तीनच वाक्यं बोलली.
नळ बंद.
पुन्हा तोच खणखणीत आवाज, जेवलास का वगैरे असावं.

काय म्हणाली, मी विचारलं नाही.

पंच्याहत्तर साली मी नऊ वर्षांचा होतो.
आमच्या गच्चीवरून दोन भिंती दिसायच्या,
नोटा छापायची एक आणि जेलची एक.
वडील ओट्यावर बसून मोठ्याने म्हणायचे,
गाड्या कशा मिनिटाला येतात बघा हल्ली.
रात्री रेडिओची खरखर वाढवायचे
आणि त्या खरखरीआडून आईला सांगायचे
आज पलीकडच्या भिंतीत कोणाला आणलं.
गाड्या येतच होत्या वेळेवर.
ते काही खोटं नव्हतं.

मग दोष कुणाचा, काका? नाझिम थांबलेला.
हात आपोआप कानामागे गेला, पेन्सिलीसाठी.
मोठ्याने सांगितलं ते खोटंच, असं मी म्हणणार नाही.
जहाज खरोखर अडलंय, आणि अडवणारे दूर कुठेतरी
पोटभर जेवून झोपलेत.
पण ज्यासाठी नळ सोडावा लागतो
ते मी आधी लिहून घेतलं असतं.
एवढं बोललो,
आणि नोट त्याला परत दिली. कडेला खूण न करता.

रात्री साडेबारा.
वर नळ चालू आहे.
बहिणीशी बोलत असेल.
अरे, इथे कोण ऐकतंय, असं सांगायला
मी उठून जिना चढलो.
सातव्या पायरीवर थांबलो.
जेलवरचा दिवा इथून अजून दिसतो.

टाकी सकाळपर्यंत रिकामी होईल.
खाली आलो, दोन बादल्या भरून ठेवल्या.